एकवीस, ट्वेंटी-वन आणि इप्पत्तोंदु : इंग्रजीचे धोरण ठरवणाऱ्यांना एका शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
शाळांचे माध्यम, अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांविषयी निर्णय घेणारे सर्व मान्यवर

सप्रेम नमस्कार.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने संपतात आणि पारसिकचा डोंगर सुरू होतो, त्या मधल्या वस्तीतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी एकोणीस वर्षे शिकवते आहे. पहिली ते चौथी, वाट्याला येईल तो वर्ग. प्राथमिकला विषयवार शिक्षक नसतात. सकाळी परिपाठ घेणारी, खिचडी वाढण्याआधी ती चाखून बघणारी आणि इंग्रजीचा तास घेणारी बाई एकच असते. आमच्याकडून माहिती सतत मागवली जाते आणि आम्ही ती रकान्यांत भरून पाठवतो. रकान्यात न बसणारे बरेच काही उरते, ते या पत्रात लिहिते आहे.

सुरुवात एकवीस या संख्येपासून करते.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आली. तिला रेणुका म्हणू, खरे नाव वेगळे आहे. आईवडील कलबुर्गीकडचे, बांधकामावर काम करणारे. मुलीला मराठी जेमतेम, हिंदी खेळण्यापुरती. मी ‘एकवीस लिही’ म्हटले की ती १२ लिहायची. ‘पस्तीस’ म्हटले की ५३. आठवडाभर काड्यांचे गठ्ठे बांधून दशक-एकक दाखवले. गठ्ठे ती अचूक बांधायची, लिहायला घेतले की पुन्हा उलटे. आमच्याकडे गणित सेमीतून, म्हणजे इंग्रजीतून आहे, त्यामुळे संख्यांची नावे इंग्रजीतही घेतो. ट्वेंटी, थर्टी, फॉर्टी ही नावे तिने दोन दिवसांत तोंडपाठ केली. मग एके दिवशी मी ‘ट्वेंटी-वन’ म्हटले आणि तिने २१ लिहिले. ‘थर्टी-फाइव्ह’ म्हटले, ३५ लिहिले. मला वाटले, शेजारणीचे बघितले असेल. पुढे बोलावून फळ्यावर लिहायला लावले. सगळे बरोबर.

शाळा सुटल्यावर फाटकाशी तिचे वडील भेटले. मी विचारले, तुमच्याकडे एकवीसला काय म्हणता? ते म्हणाले, “इप्पत्तोंदु.” म्हणजे काय, विचारले तर त्यांनी सिमेंटने भेगाळलेल्या बोटांवर फोड करून दाखवली. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. वीस आधी, एक मागून.

मराठीत आपण एक आधी बोलतो आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोन आधी आणि एक मागून. लहानपणापासून अंगवळणी पडल्यामुळे त्यातली अडचण आपल्या ध्यानातही येत नाही. रेणुका कानावर पडेल त्या क्रमाने लिहीत होती, आणि संख्या बोलण्याची तिच्या कन्नडची रीत इंग्रजीच्या रीतीशी जुळत होती. पुढे तेरा ते एकोणीसच्या टप्प्यात ती अडली, कारण तिथे इंग्रजी स्वतःच क्रम उलटवते. तेराला तिच्या घरी हदिमूरु म्हणतात, म्हणजे दहा-तीन. तिने ‘थर्टीन’च्या जागी ‘टेन-थ्री’ म्हटले. मुले हसली. त्या चुकीमागे केवढा विचार होता हे वडिलांशी बोलणे झाले नसते तर मलाही कळले नसते.

वडारी घरातल्या मुलांचेही तसेच. त्यांची बोली तेलुगूच्या जवळची, आणि तेलुगूतही वीस आधी, एक मागून. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी मांडणी दिली, ती याच अडचणीसाठी. दिवंगत मंगला नारळीकर यांच्या समितीचे ते काम. त्यावर राज्यभर गदारोळ झाला, मराठीची मोडतोड केली असे म्हटले गेले. आमच्या शिक्षकखोलीत मीही तेच म्हणत होते. रेणुकाची वही हातात घेतल्यावर ते बोलणे मी मनातून मागे घेतले.

हे एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे. इंग्रजीविषयी धोरणे ठरतात तेव्हा चर्चा मराठी विरुद्ध इंग्रजी अशी होते, आणि २०२५ पासून त्यात हिंदीची भर पडली. आमच्या वर्गातले मूल मात्र या तिन्हींच्या बाहेरची एखादी भाषा घेऊन येते. ती भाषा वर्गात आली तर इंग्रजी शिकवणे सोपे होते. ती बाहेर ठेवली तर तोच विषय मुलाला परका राहतो. माझे सगळे म्हणणे याच्याभोवती आहे.

इंग्रजीला माझा विरोध आहे असे कृपया समजू नका. २००० च्या जूनमध्ये प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी आणि इतर माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. मी त्या वर्षी दहावी झाले होते. माझी स्वतःची इंग्रजी पाचवीत ए-बी-सी-डीपासून सुरू झाली. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी होते ते पाचवीतच पुढे निघून गेले आणि आम्ही दहावीपर्यंत त्यांच्या मागे धावत राहिलो. त्यामुळे पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. सावित्रीबाईंनीही इंग्रजी शिका असा आग्रह धरला होता. कष्टकऱ्याच्या मुलाला ती भाषा मिळायलाच हवी. पण आम्हा पाचवीपासून शिकलेल्यांना पहिलीपासून शिकवायला उभे केले गेले, आणि ती उणीव भरून काढण्याचे काम पंचवीस वर्षांत नेटाने झाले नाही.

पालकांच्या बाजूने बोलायचे तर त्यांच्या मागणीला नावे ठेवण्याचा मला अधिकारच वाटत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई ऐरोलीच्या आयटी पार्कात हाउसकीपिंगला जाते. पालकसभेत ती सहसा गप्प असते. एकदा सभा संपल्यावर थांबली आणि म्हणाली, “बाई, तितली मोठी लोकं काय बोलत्यात मला कायबी उमगत न्हाई. मी पुसायला गेले की बोलायची थांबत्यात, का तशीच बोलत राहत्यात, तेबी कळत न्हाई. माझ्या पोरीला उमगलं पाहिजे. दुसरं मी काय मागत न्हाई.” या बाईला मातृभाषेतून शिक्षणाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे? तिच्या मुलीला इंग्रजी येईल असे काम करून दाखवणे, एवढेच उत्तर तिला देता येते.

आता सेमी इंग्रजीविषयी. इंग्रजी हा विषय शिकवणे वेगळे आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणे वेगळे, हे तुम्ही सारे जाणता. तरीही आमच्या भागात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते, आणि त्यामागचे कारण शैक्षणिक नसते. पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदे ठरतात त्यात) शिक्षकाचे पद जाते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. पट टिकवायचा तर पालकांना काहीतरी दाखवावे लागते. मग जूनच्या तोंडावर शाळेच्या भिंतीवर ‘सेमी इंग्रजी’ असे रंगवले जाते. वर्गात शिकवणाऱ्या आम्ही त्याच, आमची तयारीही तीच. पुस्तके तेवढी बदलतात.

वर्गात काय होते ते सांगते. रवीकडे ८ गोट्या आहेत, मीनाकडे ५ आहेत, तर रवीकडे किती जास्त, असे साधे उदाहरण. पुस्तकात ते इंग्रजीत होते आणि शेवटी ‘हाउ मेनी मोअर’ असे विचारले होते. ‘मोअर’ हा शब्द मुलांना बेरजेच्या धड्यात भेटलेला. ‘मोअर दिसला की मिळवायचे’ असे आम्हीच कधीतरी शिकवून ठेवलेले. बहुतेक वह्यांत उत्तर आले १३. मी पुस्तक मिटवले, मैदानातून खडे आणले आणि तेच उदाहरण मराठीत विचारले. अर्ध्याहून जास्त हात वर झाले, तीन. आजमगडकडून आलेला एक मुलगा तरी गप्पच. त्याच्या शेजारच्याने त्याला कोपराने ढोसले आणि विचारले, “केतना बेसी?” तो तिथल्या तिथे म्हणाला, “तीन!”

या मुलाला वजाबाकी येते. पण चाचणीत त्याने १३ लिहिले असते, मी लाल शाईने चूक दिली असती आणि माहिती भरताना त्याच्या नावापुढे ‘वजाबाकीत मागे’ असे गेले असते. अशी किती मुले गणितात मागे म्हणून नोंदवली गेली असतील? तिसरीपासून प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी यांच्या राज्यस्तरीय नियतकालिक चाचण्या होतात. त्यांचे गुण तुमच्यापर्यंत येतात. त्या गुणांमधला गणिताचा भाग कुठला आणि इंग्रजी न कळण्याचा भाग कुठला, हे वेगळे काढण्याची सोय त्यांत नाही.

उलट बाजूचेही एक मूल माझ्याकडे आले होते. तीन वर्षे गल्लीतल्या एका इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा. दोन खोल्यांची शाळा, फी महिन्याच्या महिन्याला. वडिलांची कंपनीतली कंत्राटी नोकरी सुटली आणि तो चौथीत आमच्याकडे आला. मी त्याच्यापुढे इंग्रजीचे पुस्तक ठेवले. त्याने अख्खे पान न अडखळता वाचले, असे की बाकीची मुले तोंडाकडे बघत राहिली. पानावर गाईविषयी मजकूर होता. मी विचारले, कोणत्या जनावराची माहिती आहे? तो माझ्याकडे बघत राहिला. हिंदीत विचारले, मराठीत विचारले. त्याला ठाऊक नव्हते. मराठी पुस्तक दिले तर जोडाक्षरापाशी थांबला. तीन वर्षांत आईबापांनी पोटाला चिमटा काढून जे विकत घेतले होते ते हे. आमच्या महापालिका दरवर्षी अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतात, त्यांत इंग्रजी माध्यमाच्या शाळांचाच भरणा असतो. यादी वाचून पालक शाळा बदलत नाहीत. जवळच्या सरकारी शाळेत इंग्रजी नीट शिकवली जाते असे डोळ्यांनी दिसले तर कदाचित बदलतील.

‘असर’ या ग्रामीण शिक्षण पाहणीच्या २०२२ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी इंग्रजीतले सोपे वाक्य वाचू शकणारी मुले चौथ्या हिश्श्याच्या आसपास होती, आणि २०१६ मध्येही प्रमाण जवळपास तेवढेच होते. ती पाहणी शहरातली नाही, हे मला माहीत आहे. तरी आमच्या वर्गाचे चित्र त्याहून फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की शक्य तिथवर शिकवण्याचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे. दोन्ही मला मान्य आहे. पण आपल्याकडे मराठी शाळा म्हटले की मातृभाषेतले शिक्षण झाले असे धरून चालतात. माझ्या गेल्या वर्षीच्या वर्गात ४१ मुले होती. (कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, ते असो.) त्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा मोजल्या तर गोरमाटी (बंजारा घरांतली भाषा), वडारी, कन्नड, भोजपुरी, दखनी वळणाची उर्दू, मराठवाड्याची मराठी आणि इथल्या मूळच्या घरांतली आगरी. आगरी मुलगा ‘पानी’ म्हणतो तेव्हा त्यालाही आपण ‘पाणी म्हण’ असे टोकतोच. म्हणजे पुस्तकातली मराठीसुद्धा यांतल्या अर्ध्याअधिक मुलांना शाळेत येऊन शिकावी लागते. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली, विरोध झाला, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. त्या अडीच महिन्यांत वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून आलेले सगळे मी वाचले, ऐकले. सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या डोक्यात आधीच कोणत्या भाषा असतात, हा प्रश्न मला त्यात क्वचितच भेटला.

इंग्रजीच्या तासाला घरची भाषा वापरू नये हा समज आमच्या खात्यात किती खोल गेला आहे ते मी अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी वर्गतपासणीच्या वेळी एका अधिकाऱ्यांनी माझ्या लॉगबुकात शेरा लिहिला की इंग्रजीच्या तासिकेत इतर भाषांचा वापर टाळावा. मी त्या दिवशी ‘बिग’ आणि ‘स्मॉल’ शिकवताना मुलांना आपापल्या भाषेतले शब्द सांगायला लावले होते. वर्गात गलका झाला होता हे खरे. पण तो ‘बिग’ला आपल्याकडे काय म्हणतात हे सांगण्याचा गलका होता. शेऱ्यानंतर मी दोन वर्षे ते बंद ठेवले, कारण शेरा गोपनीय अहवालापर्यंत जातो ही धास्ती. त्या दोन वर्षांत माझा वर्ग शांत होता. ‘गुड मॉर्निंग टीचर’ एका सुरात, कविता एका सुरात, ‘व्हॉट इज युवर नेम’चे उत्तर एका सुरात. एकट्याला उभे केले की आवाज जायचा.

मग एक गोष्ट घडली. आमच्याच शाळेतून चौथी होऊन गेलेली बंजारा तांड्याकडची एक मुलगी बारावी होऊन घरी बसली होती. मी तिला सहज म्हटले, नोकरी लागेपर्यंत माझ्या वर्गात येऊन बस. ती आली. पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘मदर’ लिहून ‘आई’ असे सांगितले. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिने हळूच म्हटले, “याडी.” मागच्या बाकावरच्या तीन मुली एकदम वळल्या आणि हसल्या. जूनपासून माझ्या तासाला ज्यांनी तोंड उघडले नव्हते त्या या तिघी. त्यांतली एक उठून म्हणाली, “बाई, माय मदर, माय याडी.” पुढचे दोन महिने मी इंग्रजीत गोष्ट सांगायची, ही मुलगी अडेल तिथे गोरमाटीत सांगायची, कन्नड बोलणारी चौथीतली मुले तिसरीत येऊन कन्नडमध्ये सांगायची. कावळ्याची गोष्ट या मुलांनी चार भाषांत सांगितली आणि शेवटी इंग्रजीत तोडकीमोडकी का होईना, स्वतःच्या शब्दांत सांगितली. पाठ केलेली नव्हती ती. एकाने तर कावळ्याला ‘क्रो’ न आठवल्यामुळे ‘ब्लॅक बर्ड’ म्हटले. मला त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये बसायला जागा नव्हती तरी थकवा जाणवला नाही.

दोन महिन्यांनी त्या मुलीला एका कंपनीत पॅकिंगचे काम मिळाले. ती गेली. तिला मानधन देण्यासाठी शाळेकडे कोणतेही लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाची तरतूद, नव्हते. मी तिला थांब म्हणू शकले नाही.

म्हणून माझी सर्वांत मोठी मागणी तिच्यासारख्यांसाठी आहे. आमच्यासारख्या बहुभाषक वस्तीतल्या प्रत्येक शाळेला वस्तीतलीच, बारावी झालेली, मुलांची भाषा बोलणारी एक-दोन माणसे दिवसाला दोन तास मानधनावर द्या. अंगणवाडीत सेविका असते, खिचडी शिजवायला ताई असतात, त्यांची पदे शासनाने निर्माण केली आणि ती टिकली. हेही पद टिकेल. स्मार्ट टीव्हीपेक्षा यावर कमी खर्च होईल असा माझा अंदाज आहे. आमच्याकडे एक टीव्ही आहे, त्याच्या नेटचे बिल कोणी भरायचे यावर दोन वर्षे पत्रव्यवहार सुरू आहे आणि तोवर त्याच्यावर कापड घातलेले आहे.

दुसरे, शिक्षक-हस्तपुस्तिकेत एक वाक्य स्पष्ट लिहा, की इंग्रजी शिकवताना मुलाच्या घरच्या भाषेचा आधार घेणे ही योग्य पद्धत आहे. एवढे वाक्य छापील असले तर लॉगबुकातल्या शेऱ्याला आम्हाला उत्तर देता येईल. बालभारतीने पहिलीसाठी मराठी-इंग्रजी एकात्मिक द्विभाषिक पुस्तके काढली तेव्हा दोन भाषा एका पानावर नांदू शकतात हे मान्य झालेच होते. ते पाऊल मराठीपाशी थांबू नये.

सेमीचे म्हणाल तर, मूल कोणत्याही एका भाषेत समजून वाचू लागेपर्यंत गणित इंग्रजीतून आणू नका. माझ्या मते चौथीच्या आधी नकोच. पहिली-दुसरीत इंग्रजी कानाला आणि जिभेला लागू द्या. लेखी चाचणी कशाला? ‘शिप’चे ‘सिप’ म्हणणारा, ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणणारा भोजपुरी मुलगा बेफिकीर नसतो. त्याच्या घरी जसे बोलतात तसे तो ऐकतो. हे शिक्षिकेला आधी माहीत असले तर त्याच्यावर ओरडण्याऐवजी ती त्याच्याबरोबर दहा वेळा म्हणेल.

आणि आमचे प्रशिक्षण. सभागृहात दीडशे शिक्षक, व्यासपीठावर तज्ज्ञ मार्गदर्शक, तीन दिवस. इंग्रजी कशी शिकवावी यावर मराठीत भाषण, पडद्यावर इंग्रजीत मजकूर, आणि तीन दिवसांत आम्हा दीडशेंपैकी कोणाच्याही तोंडून इंग्रजीचे एक पूर्ण वाक्य बाहेर पडलेले नसते. आम्हाला बोलायची लाज वाटते, हे कोणी विचारत नाही. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी माझी डी.एड.ची मैत्रीण २०१६ नंतरच्या ‘तेजस’ उपक्रमात होती. राज्य शासनाने ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टच्या साथीने तो चालवला होता. त्यात जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांचा छोटा गट नियमित भेटायचा, एकमेकांशी इंग्रजीत बोलायचा, वर्गात करून बघितलेले सांगायचा. ती म्हणते, तिची भीड तिथे मोडली. तसे गट आमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात), आमच्या महापालिका शाळांत का नकोत? महिन्यातून एक दुपार पुरे. पण ती दुपार खरोखर मोकळी हवी. मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, आधार जुळवणी यांत आमच्या किती दुपारी जातात, याचा हिशेब एकदा तुम्हीच मागवून बघा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीचे काम वगळता आम्हाला इतर अशैक्षणिक कामांना लावू नये असे म्हणते.

यातले सगळे एका जूनमध्ये होणार नाही. हे कळण्याइतकी वर्षे मी नोकरीत काढली आहेत. एक गोष्ट मात्र लगेच होण्यासारखी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आमच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये ‘मातृभाषा’ असा रकाना पूर्वीपासून आहे. प्रवेशाच्या गर्दीत आम्ही तो पालकांना न विचारता भरतो. आडनाव बघून मराठी, नाहीतर हिंदी, खाली ‘कित्ता, कित्ता’ अशा खुणा. हा दोष आमचा आहे. या वर्षी मी माझ्या वर्गापुरते रजिस्टर घेऊन बसले आणि एकेका पालकाला विचारले, घरी मुलाशी कोणती भाषा बोलता? बऱ्याच जणांनी आधी ‘मराठीच लिहा बाई’ असे म्हटले. पुन्हा विचारल्यावर एक आजी दबक्या आवाजात म्हणाल्या, “आमची वडारी. पण ती लिहित्यात का?” मी म्हटले, लिहितात. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, म्हणून शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. त्या नोंदी शाईने करायला तुमची परवानगी हवी आहे.

आपली,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या शाळेतली एक प्राथमिक शिक्षिका